आधी तिथी बघा, मग बूट बांधा: कोकणात पळायला जाणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या आवारात किंवा जवळच्या टेकडीवर नेमाने पळणारा माणूस कोकणात सुट्टीला आला की अडतो. रस्ता अरुंद आणि वळणांचा, एसटी आणि चिऱ्यांचे ट्रक अंगाला घासून जाणारे, मैदान म्हणावं असं कुठे दिसत नाही. मग कुणी चार दिवस पळणंच बंद ठेवतं, तर कुणी मुख्य रस्त्यावर जीव मुठीत धरून दोन-चार किलोमीटर उरकतं. यातलं काहीच करायची गरज नाही. पुळण (वाळूचा किनारा), सडा (जांभ्याचा मोकळा कातळ), पाखाडी (पायऱ्यांची वाट), खाडीचा बांध, जेटी अशा तऱ्हेतऱ्हेच्या जागा इथे एकेका पंचक्रोशीत मिळतात. मात्र इथलं पळणं दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती वाजता कुठे असेल, आणि गावातलं माणूस त्या वाटेबद्दल काय सांगतं. पहिल्यांदा येणाऱ्याने वेगाचा आणि अंतराचा हिशेब बाजूला ठेवावा आणि या दोन गोष्टी आधी शिकाव्यात.

आदल्या संध्याकाळी

जिथे उतरला असाल तिथे भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असतेच. तिच्यात उद्याची तिथी बघा. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरावी तिथी धरायची, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. आपल्या किनाऱ्यावर चोवीस तासांत साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते, त्यामुळे दुपारी तीनला भरती असेल तर पहाटेही तीनच्या आसपास असते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं.

हा ठोकताळा आहे. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मोबाइलवर जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढून ताडून घ्या. पण ठोकताळा येत असला की मुक्कामाच्या तारखा ठरवतानाच अंदाज बांधता येतो, आणि तिथेच त्याचा खरा उपयोग आहे.

सकाळी सहा-सातला पळणाऱ्यासाठी प्रतिपदा ते चतुर्थी हे दिवस सगळ्यात सोयीचे. द्वितीयेला पाणी साडेसातच्या सुमारास पूर्ण ओसरतं, चतुर्थीला नऊच्या सुमारास, म्हणजे उजाडल्यावर तुम्ही उतराल तेव्हा ते मागेच जात असतं. पुळण रुंद, ओली आणि घट्ट मिळते. पौर्णिमा-अमावस्येला ओहोटी पहाटे पाचलाच संपते, त्यामुळे उजेड होईपर्यंत पाणी परतीला लागलेलं असतं. अष्टमी ते एकादशी या दिवसांत सकाळी पाणी वरच असतं. अष्टमीच्या आसपास भांग असतं, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, तरी पळण्याजोगा पट्टा अरुंदच राहतो. त्या दिवसांत किनाऱ्याचा हट्ट सोडा आणि सडा किंवा पाखाडी गाठा.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं येतं, दुसऱ्यात त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी येऊन जातं. किनाऱ्यावर माणसं अडकतात ती याच वेळी, कारण पहिल्या तासात ‘अजून लांब आहे’ असं वाटत राहतं. नवख्याने ओहोटी पूर्ण झाल्यावर तासाभरात वर यायचा नियम पाळावा.

याच संध्याकाळी घरमालकांना किंवा त्यांच्या घरातल्या कुणाला विचारा: “काका, सकाळी पळायला जायचं आहे, कुठल्या बाजूला जाऊ?” हे वाक्य फार कामाचं आहे. पुढे पऱ्या (ओहोळ) आडवा येतो, त्या वळणावर कुत्री आहेत, गेल्या आठवड्यात सड्यावर बिबट्या दिसला होता, ही माहिती कुठल्याच नकाशावर नसते. शिवाय तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे घरात कुणाला तरी माहीत असतं.

पुळणीवर उतरल्यावर

वाळूचे तीन पट्टे असतात. वरचा सुरूच्या बनाजवळचा कोरडा, पाय रुतणारा. खालचा पाण्यालगतचा, लाट येऊन जाणारा. मधला ओला पण पाणी निथळलेला. पळायचं ते या मधल्या पट्ट्यावर. पाऊल टेकल्यावर ठसा उमटावा पण टाच बुडू नये, एवढी वाळू घट्ट असली की झालं.

किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. म्हणून एकाच दिशेने लांब जाऊन गाडीने परत येण्यापेक्षा गेलात तसेच पळत परत या, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा भार पडतो. गुडघा किंवा कंबर दुखरी असेल तर जास्त उताराची पुळण टाळा. दापोलीजवळचा मुरुड-कर्द्याचा किनारा, दिवेआगर, अलिबागजवळचं नागाव हे रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहेत, सुरुवात तिथून करणं चांगलं. गुहागरचा किनारा लांबसडक आहे आणि गाव त्याला समांतर पसरलेलं आहे. कंटाळा आला किंवा दम लागला तर वर येऊन गावातल्या रस्त्याने परतता येतं, ही नवख्यासाठी मोठी सोय.

अनवाणी पळायची हौस सगळ्यांनाच होते आणि ती पुरवावी. फक्त पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर नको. बुटांची सवय असलेल्या पायाची पोटरी आणि टाचेमागची शीर वाळूत एकदम ताणली जाते आणि दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. जाळ्यांचे तुकडे, गळ, फुटकी काच असते तिथे बूट घालाच. किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला ती मेलेली वाटली तरी हात-पाय लावू नका.

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचं काम चालू असेल तर दोन दोर पाण्यातून वर किनाऱ्यापर्यंत ताणलेले असतात. त्यांवरून उडी मारून जाऊ नका. थांबा, विचारा, वरच्या अंगाने वळसा घाला. दोर ताणलेला असताना त्यात पाय अडकला तर तुम्ही पडताच, आणि ओढणाऱ्यांचं कामही बिघडतं. थोडा वेळ असेल तर त्यांच्याबरोबर दोराला हात लावा. कुणी नको म्हणत नाही, आणि खांद्यांना तेवढा व्यायाम दुसरीकडे मिळणार नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं आणि पुढे ते किनाऱ्यावरच्या अनेक गावांत पोचलं. कासवाची मादी अंधारात येते आणि उजेड दिसला की अंडी न घालताच परत फिरते. म्हणून या गावांत हेडलॅम्प लावून पहाटेच्या अंधारात पळायचं नाही. चांगलं उजाडू द्या. कासवाच्या मागाचे रुंद पट्टे वाळूत दिसले तर ते पुसू नका आणि गावातल्या कासवमित्राला कळवा. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत जाळी लावून जागा राखलेली असेल तर तिच्यापासून लांबून जा. हिवाळ्यात खाडीच्या मुखाशी कुरव पक्ष्यांचे थवे बसलेले असतात. त्यांच्यात घुसून त्यांना उडवण्याचा मोह आवरावा, लांबून आलेले पाहुणे आहेत ते.

कुठून मागे वळायचं

कोकणातली जवळजवळ प्रत्येक पुळण दोन्ही टोकांना एकतर खाडीच्या मुखाशी संपते, नाहीतर खडपांशी, म्हणजे खडकाळ काठाशी. दोन्ही ठिकाणी थांबायचं. खाडीच्या मुखाशी ओहोटीला पाणी गुडघाभर दिसतं, पण आत ओढ असते आणि काठाला चिखल असतो, ज्यात पाय मांडीपर्यंत जातो. पुळणीच्या मधे आडवा येणारा पऱ्या किंवा व्हाळ जाताना घोट्याएवढा असतो. भरती लागली की समुद्राचं पाणी त्यात उलटं शिरतं आणि परतताना तोच कमरेएवढा झालेला असतो. म्हणून पऱ्या ओलांडलात तर पलीकडे पंधरा मिनिटांच्या वर राहू नका, आणि गावात शिरणारा दुसरा रस्ता आहे की नाही हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा.

खडपांवर पळू नयेच. शेवाळाने पाय घसरतो, आणि पडल्यावर हात टेकतो तो कालवांच्या धारदार शिंपल्यांवर. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणा मार्ग आणि हेदवीची बामणघळ या पाहण्याच्या जागा आहेत, त्याही ओहोटीला आणि गावकऱ्यांना विचारून. हरिहरेश्वरला लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. तिथे पळायला जाण्याचा विचारही करू नका. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीत चालत जाता येतं आणि पळणाऱ्यालाही तो टप्पा खुणावतो. पण तळाशी दगड आणि डबकी आहेत, तेव्हा तिथे चालाच, आणि पाणी फिरायच्या आत अलीकडे या.

सड्यावर

माझ्या मते कोकणात पळायची सगळ्यात सुंदर जागा सडा आहे. किनाऱ्यावरून घाटी चढून वर आलं की जांभ्याचा मोकळा कातळ लांबवर पसरलेला असतो, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची रांग. रत्नागिरी, राजापूर, देवगड या भागांत असे सडे गावागावाला आहेत. जमीन टणक आणि खडबडीत असते, त्यामुळे पकड चांगली मिळते. गुडघ्यांना मात्र डांबरी रस्त्याइतकेच दणके बसतात. जाड तळव्याचे बूट हवेत आणि पावलं आखूड ठेवावीत.

सड्यावर धोका चिरेखाणींचा. जांभा कापून काढल्यावर उरलेले चौकोनी खड्डे खोल असतात, कडा सरळ तासलेल्या, भोवती कुंपण नाही, आणि पावसाळ्यानंतर गवत वाढलं की जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. सड्यावर उजेड पडल्याशिवाय आणि पायवाट सोडून पळायचं नाही.

दुसरी काळजी कातळशिल्पांची. उक्षी, कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवीहसोळ, जांभरूण, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी अशा ठिकाणी सड्यावर हत्ती, मासे, माणसं, भौमितिक रचना कोरलेल्या आहेत. 2022 मध्ये यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. काही चित्रांभोवती जांभ्याचं कुंपण आहे, पुष्कळ उघडीच आहेत. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, त्यामुळे सकाळी पळायला जाऊन परतीच्या वाटेवर ती बघणं हा उत्तम बेत आहे. चित्रावर पाय ठेवायचा नाही, बूट काढूनही नाही.

फुरसं हा साप याच जांभ्याच्या मुलखातला. लहान असतो, दगडाच्या रंगात मिसळून जातो आणि दगडांखाली, सांदीत बसतो. पळताना पाय पडण्यापेक्षा थांबल्यावर धोका जास्त: गडग्यावर (दगडी कुंपणावर) हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, किंवा दगडावर बसून बुटाची नाडी बांधायची, ही कामं आधी नीट बघितल्याशिवाय करू नका. विंचवासाठीही हीच खबरदारी. साप चावलाच तर पळत परत येऊ नका. पाय हलता ठेवायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. 108 ला फोन करा आणि मिळेल त्या गाडीने प्रतिविष उपलब्ध असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

सावली सड्यावर मुळीच नसते. जांभा लवकर तापतो, तेव्हा नऊच्या आत खाली यायचं.

पाखाडी, बांध, मिठागर

वाडीतून वाडीत उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. चढाचा सराव करणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा नाही. दोन्ही बाजूंना गडगे, वर फणस-आंब्याची सावली, पायऱ्या लांब आणि कमी उंचीच्या. चढताना पळा, उतरताना चाला. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा उतरणं फार जपून. पाखाडी लोकांच्या खळ्यांना लागून जाते, म्हणून कुणी दारात दिसलं की वेग कमी करून दोन शब्द बोलायचे.

खाडीकाठी खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात. त्यावरून पळायला मजा येते, कारण एका बाजूला कांदळवन आणि दुसऱ्या बाजूला भाताचे मळे. वाट अरुंद, मातीची आणि मधेच उघाडीपाशी (पाणी सोडायच्या दारापाशी) तुटलेली असते. शिरोड्याला, जिथे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तिथे मिठागरांमधले बांधही आहेत. पण हंगामात ते कामाची जागा असतात आणि थापून बसवलेली माती आपल्या बुटांनी ढासळते. तिथे कडेच्या रस्त्यानेच जावं.

आंब्याच्या बागेत मात्र विचारल्याशिवाय शिरू नका. फळ धरल्यापासून मे अखेरपर्यंत तिथे राखणीला माणसं आणि कुत्री असतात.

जंगलजेटीने पलीकडे

खाडी आडवी आली म्हणजे पळण्याची वाट संपली, असं नाही. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी गाड्या आणि माणसं नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. कोकणात तिला जंगलजेटी म्हणतात. दाभोळच्या बाजूने धक्क्यापर्यंत पळत यायचं, चालत चढणाऱ्यांचं तिकीट काढायचं, पलीकडे धोपाव्याचा चढ चढून वर जायचं आणि पुढच्या फेरीने परत यायचं. मधे बोटीत मिळणारी विश्रांती नवख्याच्या पायांना बरी पडते. सोबत सुटे पैसे हवेत, आणि पहिली फेरी किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्यावं. बोट थांबेपर्यंत बसून राहा, उतरताना गाड्या आधी जाऊ द्या, धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो तिथे चालत चढा.

मासळी उतरवायच्या बंदरांवर, म्हणजे हर्णै किंवा मिरकरवाडा अशा ठिकाणी, पळू नका. बर्फाचं पाणी, दोर, टोपल्या घेऊन धावणारी माणसं. तिथे आपण वाटेतला अडथळा असतो.

रस्त्याने जायचंच असेल तर

उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा. आंधळ्या वळणाआधी थांबून कान द्या. मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण वर्ज्य. रत्नागिरी-गणपतीपुळे वाटेवरच्या आरे-वारेचा रस्ता समुद्राच्या डोक्यावरून जातो आणि पळायला अप्रतिम आहे, पण शनिवार-रविवारी आठनंतर तिथे पर्यटकांच्या गाड्या थांबायला लागतात. आडवारी पहाटे जा.

गावातून जाताना

गावात पळणाऱ्या माणसाकडे लोक बघतातच, आणि विचारतातही. मालवणकडे “खंय चललात?” आणि रत्नागिरीकडे “कुठे निघालात सकाळी सकाळी?” कानातून इअरफोन काढून उत्तर द्या. “पाय मोकळे करायला निघालो, मावशी, तुमच्या शेजारच्या अमक्यांकडे उतरलोय” एवढं सांगितलं की झालं. परतीला त्याच मावशी पुढचा सोपा रस्ता सांगतात. उघड्या अंगाने गावातून किंवा देवळासमोरून पळू नये. देवळाचं आवार चालत ओलांडावं. एकट्या बाईने पळायचं असेल तर पहिल्या दिवशी घरच्या वहिनींना किंवा त्यांच्या मुलीला बरोबर घ्या, पुळणीचा वस्तीजवळचा भाग धरा आणि उजाडल्यावरच निघा. गाव ओळखीचं झालं की दुसऱ्या दिवसापासून पुष्कळ नजरा तुमची काळजी घेतात.

कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, त्याच्या डोळ्यांत न बघता हळूहळू चालत त्याच्या हद्दीबाहेर जा.

अंगावर काय, कधी यायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, हवा कोरडी आणि गार लागते. पश्चिमेचा किनारा असल्यामुळे सूर्य डोंगराआडून उशिरा डोकावतो आणि किनाऱ्यावर सावली टिकते. संध्याकाळी ऊन थेट तोंडावर आणि वारा समुद्राकडून, म्हणून संध्याकाळचं पळणं सहानंतर. मार्चपासून दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. नेहमीचा वेग धरलात तर चक्कर येईल, त्यामुळे बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. ऑक्टोबरही असाच. पावसाळ्यात पुळण वर्ज्य समजा: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद असते, म्हणजे मदतीला किनाऱ्यावर फारसं कुणी नसतं. तेव्हा गावातले वर्दळ नसलेले डांबरी रस्ते बरे.

सुती बनियन ओलं होऊन जड होतं, पातळ सिंथेटिक टी-शर्ट घाला. टोपी, अर्धा लिटर पाणी, प्लास्टिकच्या पिशवीत फोन, पन्नास-शंभर रुपये सुटे. रेंज बऱ्याच जागी जाते, म्हणून निघायची आणि परतायची वेळ घरी सांगून जा.

परतल्यावर शहाळं किंवा मीठ घातलेलं आमसुलाचं सरबत घ्या. सिंधुदुर्गात असाल तर उकड्या तांदळाची पेज मागा. पाणी, मीठ आणि भात तिन्ही एका वाटीत मिळतात. बूट गोड्या पाण्याने धुवा, आतले तळवे काढून वेगळे करा आणि वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. खारं पाणी राहिलं तर शिवण आणि चिकटवलेला भाग लवकर सुटतो. दमट हवेत बूट वाळायला दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा रोज पळणार असाल तर दुसरा जोड आणा, आणि निघायच्या दिवशी पुळण सोडून सडा किंवा रस्ता निवडा.